क्रूझरचा टायर बदलताना: उसाचा चिखल, घाटातला पाऊस आणि टायरवरचे आकडे

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूरहून कळे गावाच्या पुढं गगनबावडा रस्त्यावर एक गोष्ट रोज दिसते. उसाची ट्रॉली शेतातून डांबरीवर चढते आणि चाकांना चिकटलेली काळी माती पुढं पन्नास-शंभर फूट सांडत जाते. पहाटे त्या मातीवर दव पडतं. वळण घेऊन आलात की समोर हा पट्टा. क्रूझर म्हणजे लांब, बुटकी मोटारसायकल; तिचं वजन दीडशे ते अडीचशे किलो, मागं घरचं माणूस डबलसीट, आणि या सगळ्याला रस्त्याशी धरून ठेवणारं रबर किती? दोन तळहातांएवढं. एक पुढच्या चाकाखाली, एक मागच्या.

म्हणून पहिल्यांदा टायर बदलायला निघालेल्यांना माझं एकच सांगणं असतं. टायर तुमच्या रस्त्यासाठी घ्या, पार्किंगमध्ये उभ्या गाडीकडं बघणाऱ्यांसाठी नको. क्रूझर ही दिसण्यावर जीव जडणारी गाडी आहे, त्यामुळं हा मोह इथं जास्त होतो. माझाही झाला होता, ते पुढं सांगतो.

आधी जुना टायर नीट बघा

दुकानात जायच्या आधी गाडी घरासमोर मेन स्टँडवर लावा आणि चाक हातानं हळूहळू फिरवा. मेन स्टँड नसेल तर गाडी जागेवरच थोडी थोडी पुढं सरकवत बघा. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. ते कुठं आहेत हे शोधायला टायरच्या बाजूला टी, डब्ल्यू, आय ही इंग्रजी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण छापलेला असतो. वरचं रबर झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आलं की टायर संपला. आपल्याकडं बरेच जण टायर पार गोटा होईपर्यंत चालवतात. कोरड्या रस्त्यावर तो चालतोही, म्हणूनच फसवतो. पाणी बाहेर फेकायचं काम खाचांचं असतं, आणि खाच उथळ झाली की पहिल्या वळवातच ते कळतं.

क्रूझरच्या मागच्या टायरची एक खास खोड आहे. गाडी लांब आणि बुटकी, हायवेला सरळ पळणारी, वजन मागच्या चाकावर जास्त. त्यामुळं टायर मधोमध झिजतो आणि गोलाई जाऊन वर सपाट पट्टा तयार होतो. मग वळणावर गाडी आधी झुकायला नकार देते आणि सपाटीची कड ओलांडली की एकदम खाली जाते. पन्हाळ्याच्या वळणांवर हा धक्का स्पष्ट जाणवतो. खाचा थोड्या शिल्लक असल्या तरी असा टायर मी ठेवत नाही.

पुढचा टायर वेगळ्या तऱ्हेनं बोलतो. त्याच्यावर हात फिरवल्यावर लाटांसारखे चढउतार लागले तर फक्त टायर बदलून भागणार नाही. हवा कमी ठेवली होती का, कोनसेट (हँडलच्या मानेतलं बेअरिंग) ढिला झालाय का, फोर्कमधून (पुढच्या शॉकअपमधून) तेल गळतंय का, हे मेकॅनिककडून बघून घ्या. नाहीतर नवा टायरही काही महिन्यांत तसाच होईल.

बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा, फुगवटा किंवा आतला धागा दिसत असेल तर नक्षी कितीही चांगली असो, तो टायर बाद.

आकडे वाचायला शिका

टायरच्या बाजूवरची ओळ एकदा समजली की दुकानात कोणी फसवू शकत नाही. रॉयल एनफिल्ड मिटिऑर ३५० च्या मागच्या टायरचं उदाहरण घेऊ. त्यावर १४०/७०-१७ असं लिहिलेलं असतं आणि पुढं ६६ पी.

१४० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या सत्तर टक्के, म्हणजे ९८ मिलिमीटर. १७ हा रिमचा व्यास इंचांत. मधली आडवी रेघही महत्त्वाची आहे. रेघ असेल तर टायर बायस जातीचा, म्हणजे आतले धागे तिरके एकमेकांवर बसवलेले. तिथं आर अक्षर असेल तर रेडियल. आपल्याकडच्या बहुतेक क्रूझर बायस टायरवरच येतात. या जाडसर, वजन पेलणाऱ्या बांधणीला ते शोभतं. कंपनीनं मुभा दिली नसेल तर पुढं एक जात आणि मागं दुसरी असं करू नका, वळणात दोन्ही टायर वेगवेगळे वाकतात.

६६ हा वजनाचा सांकेतिक आकडा. ६६ म्हणजे तो टायर जास्तीत जास्त ३०० किलो पेलतो. मिटिऑरच्या पुढच्या १००/९०-१९ टायरवर ५७ असतो, म्हणजे २३० किलो. पी हे वेगाचं अक्षर, ताशी १५० किलोमीटरपर्यंत. एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१०. नियम सोपा आहे: आकडा आणि अक्षर मूळच्यापेक्षा वर चालतील, खाली नाही. कोणी म्हणेल, आपण कुठं दीडशेनं चालवतो? पण वेगाचं अक्षर म्हणजे टायर किती उष्णता सोसतो त्याचंही माप आहे, आणि मे महिन्यात पुणे-बेंगळुरू हायवेवर दोघं जण सामानासकट निघालात तर उष्णता भरपूर तयार होते.

जुन्या बुलेटसारख्या गाड्यांवर ३.२५-१९ अशी इंचातली मापं असतात. त्याच्या बदल्यात मिलिमीटरमधलं कुठलं माप चालतं ते गाडीच्या मॅन्युअलमधून किंवा टायर कंपनीच्या तक्त्यातून घ्यायचं, अंदाजानं नाही.

आणखी एक अक्षरजोडी शोधा: एम आणि सी, मध्ये तिरपी रेघ. हा टायर मोटारसायकलच्या रिमसाठी आहे असा त्याचा अर्थ. क्रूझरला हे का सांगावं लागतं? कारण बजाज अ‍ॅव्हेंजरचं मागचं रिम १५ इंची आणि सुपर मिटिऑरचं १६ इंची, आणि या मापाचे टायर चारचाकीलाही असतात. स्वस्त पडतो, जास्त टिकतो म्हणून मोटारीचा टायर क्रूझरला चढवणारे लोक जगभर आहेत. तुम्ही त्यात पडू नका. मोटारीच्या टायरची कड आणि मोटारसायकलच्या रिमची कड यांची घडण वेगळी असते. शिवाय मोटार वळताना टायर सपाट राहतो, आपल्याला टायर झुकवावा लागतो. सपाट टायर झुकवला की तो कडेवर उभा राहतो.

जाड टायरचा मोह

आता माझी गोष्ट. माझ्याकडं अ‍ॅव्हेंजर २२० आहे. मागं कंपनीचा टायर १३०/९०-१५. पहिल्यांदा टायर बदलायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "दादा, ह्यात एकशेचाळीस बी बसतोय की! मागनं गाडी लई भारी दिसंल." मी हो म्हटलं. एकट्यानं चालवताना आठ दिवस काही वाटलं नाही. नवव्या दिवशी बायकोला घेऊन राधानगरीला निघालो आणि भोगावतीच्या अलीकडं जळक्या रबराचा वास आला. दोघांच्या वजनानं शॉकअप दबला की टायर चेनकव्हरला घासत होता. उतरून बघितलं तर टायरच्या कडेला गोल चरा पडलेला. तिथून वीसच्या वेगानं परत आलो. तो टायर काढून टाकावा लागला आणि दुसऱ्यांदा पैसे मोजले.

घरी आल्यावर मी वहीवर जे गणित केलं ते दुकानात उभं राहून करायला हवं होतं. तुम्ही आधीच करा. १३०/९०-१५ ची भिंत ११७ मिलिमीटर. दोन भिंती आणि ३८१ मिलिमीटरचं रिम मिळून चाकाची उंची ६१५. तेच १४०/९०-१५ ला ६३३ होते. म्हणजे रुंदीत दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर आणि रिमपासून वर नऊ मिलिमीटर जास्त. चेन, चेनकव्हर, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि मडगार्ड यांच्यात एवढी मोकळी जागा आहे का, तेही दोन माणसं बसलेली असताना? हा प्रश्न विचारल्याशिवाय माप वाढवायचं नाही.

जागा असली तरी दुसरी अडचण राहते. प्रत्येक रिमच्या रुंदीला टायरची ठरावीक मापंच शोभतात. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग टोकदार वर येतो. रस्त्याला टेकणारं रबर वाढायच्या ऐवजी कमी होतं. जाड टायर म्हणजे जास्त पकड, हा समज इथं उलटा पडतो. व्यास तीन टक्क्यांनी वाढला की पिकअप जड होतो आणि ज्या गाड्यांचा स्पीडोमीटर मागच्या चाकावरून वेग मोजतो त्यावर वेग खरा दिसत नाही. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जागीच अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत तर दोन्ही चाकांच्या फिरण्याची सतत तुलना चालू असते. त्या हिशेबात आपण हात घालू नये. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळं अलीकडची जवळपास प्रत्येक क्रूझर यात आली.

नव्यानं चालवणाऱ्याला माझा सल्ला ठाम आहे: कंपनीनं दिलेलंच माप.

ट्यूब की ट्यूबलेस

हे तुमच्या इच्छेवर कमी आणि रिमवर जास्त अवलंबून आहे. तारांच्या रिमला प्रत्येक तारेच्या मुळाशी भोक असतं, तिथून हवा सुटते, म्हणून बहुतेक तारांच्या चाकांत ट्यूब लागतेच. अशा रिमवर ट्यूबलेस टायर घालून आत ट्यूब टाकता येते, पण त्यानं चाक ट्यूबलेस होत नाही, खिळा लागला की हवा तशीच फस्सकन जाणार. ट्यूबलेससाठी केलेल्या अलॉयवर, म्हणजे तारा नसलेल्या अखंड रिमवर, मात्र ट्यूबलेसच घ्या. खिळा रुतून बसला तरी हवा हळूहळू जाते आणि साळवणच्या पुढं रात्री अंधारात चाक खोलायची वेळ येत नाही. ट्यूब असेल तर नव्या टायरबरोबर ट्यूब आणि रिमवरची पट्टी दोन्ही नवी. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरात तिला घडी पडते आणि घडीवर ती फाटते. ट्यूबलेसला व्हॉल्व्ह नवा.

आता खरी निवड: नक्षी आणि रबर

माप ठरलं की त्या मापात चार-पाच टायर समोर येतात. एमआरएफ, सिएट, टीव्हीएस युरोग्रिप, अपोलो, जेके, मिशेलिन, पिरेली अशी नावं. यात सगळ्यात चांगला कुठला, या प्रश्नाला उत्तर नाही. तुम्ही महिन्यातून कुठं जाता, याला आहे.

रोज राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी आणि सुट्टीला हायवे, एवढंच असेल तर कडक रबराचा, मधोमध भरीव पट्टा असलेला टुरिंग, म्हणजे लांबच्या प्रवासाचा, टायर घ्या. तो सावकाश झिजतो, सरळ रस्त्यावर शांत चालतो. मधोमध सपाट व्हायची क्रूझरची खोडही त्यानं लांबते.

पण आपल्यातले बरेच जण जून ते सप्टेंबर घाटातच असतात. गगनबावडा कोल्हापुरातून पंचावन्न किलोमीटर, तिथून करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट खाली कोकणात उतरतात. आंबा घाट आहे, फोंडा आहे, आंबोली आहे. तिकडचा पाऊस म्हणजे दिवसभर न थांबणारी धार. शिवाय पश्चिमेला सरकाल तशी जांभ्याची तांबडी माती सुरू होते, ती दरडीवरून वाहून रस्त्यावर येते आणि साबणासारखी पसरते. इथं मऊ रबर लागतं, जे थंड ओल्या डांबरालाही धरतं. आणि खोल खाचा लागतात, ज्या मधून निघून कडेपर्यंत तिरक्या जातात. पाण्याला बाहेर पडायची वाट तीच. मऊ टायर लवकर झिजणार, पाच-सहा हजार किलोमीटर आधीच बदलावा लागेल कदाचित. घाटात जाणाऱ्यानं हा खर्च आनंदानं करावा असं मला वाटतं.

स्पोर्ट टायर घ्यावा का, असं तरुण पोरं विचारतात. स्पोर्ट टायरची किंमत असते त्याच्या कडेच्या पकडीत, गाडी खूप झुकवल्यावर लागणाऱ्या. क्रूझरचे फुटरेस्ट तेवढं झुकायच्या आधीच रस्त्याला घासतात. म्हणजे ज्या रबराचे पैसे दिले ते रस्त्याला कधी टेकणारच नाही.

मोठ्या बटणांचे ऑफरोड टायर दिसायला रांगडे असतात, पण डांबरावर त्यांच्या बटणांमधली पोकळी रस्त्याला काहीच धरत नाही. ओल्या डांबरावर ब्रेक लावल्यावर हे समजतं. ज्यांचं घर मळ्यात आहे आणि रोज पाणंदीतून यावं लागतं, त्यांनी मध्यम खोल खाचांचा, अर्धा डांबर अर्धी माती असा टायर बघायला हरकत नाही. मात्र त्यात तुमचं माप आणि वजनाचा आकडा मिळतोय का, ते आधी बघा.

पुराच्या पाण्याबद्दल एवढंच: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकली की गाडी घरी ठेवा. वाहत्या पाण्यात कुठल्याच टायरचा उपयोग नाही.

पुढचा-मागचा एकाच कंपनीच्या एकाच जोडीतला असेल तर उत्तम, कारण कंपनीनं ते एकत्र चालवून बघितलेले असतात. मागचा आधी झिजतो, तेव्हा एकटा मागचा बदलायला हरकत नाही. पुढच्याचं आयुष्य थोडंच उरलं असेल तर मात्र दोन्ही एकदम करा.

दुकानात

मी मे महिन्यातच जातो. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, उद्यमनगर, कावळा नाका, सगळीकडं दुकानं आहेत, पण पहिला पाऊस पडला की सगळीकडं रांग. शिवाय नवा टायर कोरड्या रस्त्यावर मुरायला हवा.

टायर हातात घेतला की आधी चार आकड्यांचा छोटा लांबट शिक्का शोधा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. क्रूझरच्या मागच्या टायरची मापं कमी खपतात, म्हणून दुकानात पडून राहिलेला नग हातात यायची शक्यता स्कूटरच्या टायरपेक्षा जास्त. सहा महिने-वर्षाचा जुना असेल, सावलीत ठेवलेला असेल, तर काळजी नाही. दोन वर्षांच्या वरचा मी घेत नाही, सवलत दिली तरी. रबर पडून पडून कडक होतं. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहाव्या वर्षी नक्षी असली तरी काढून टाकावा, असं टायर कंपन्या सांगतात.

दुसरी खूण आयएसआयची. दुचाकीच्या टायरसाठी भारतीय मानक आयएस १५६२७ आहे, ती खूण नसलेला टायर हातात धरू नका. रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला टायर, क्रूझरला नकोच.

बिल पक्कं घ्या आणि त्यावर टायरचा क्रमांक लिहून घ्या. फुगवटा आला तर वॉरंटीसाठी तोच मागतात.

बसवताना शेजारी उभं राहा

अलॉय असेल तर मशीनवर टायर बदलणारं दुकान शोधा. पहारीनं केलं तर रिमच्या कडेला खाच पडते आणि ट्यूबलेस तिथून कायम हवा सोडत राहतो. चाक जमिनीवर ठेवताना ब्रेकची डिस्क खाली नको, हे मिस्त्रीला आधीच नम्रपणे सांगा. डिस्क वाकली तर ब्रेक दाबल्यावर लिव्हर थरथरतो.

टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. काही टायर पुढंही बसतात आणि मागंही, त्यांच्यावर दोन बाण असतात, पुढच्यासाठी एका दिशेला आणि मागच्यासाठी उलट. कारण पुढच्या टायरवर मुख्य जोर ब्रेकचा येतो, मागच्यावर इंजिनाचा. गर्दीच्या वेळी चाक उलटं बसतं, म्हणून गाडीवर चढवल्यावर पुन्हा एकदा बघा. रंगीत ठिपका असेल तर तो टायरच्या हलक्या जागेवर असतो, तो व्हॉल्व्हजवळ ठेवतात. त्यानंतर बॅलन्सिंग करून घ्या, हायवेला हँडल थरथरत नाही.

हवा भरल्यावर टायर रिमवर सगळीकडं सारखा बसला का, हे कसं ओळखायचं? रिमच्या कडेला लागून टायरवर बारीक रेघ गोल फिरलेली असते. ती रिमपासून सगळीकडं सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका ठिकाणी आत गेलेली असेल तर हवा सोडून साबणाचं पाणी लावून पुन्हा बसवायला सांगा.

मागचं चाक परत लावताना चेनचा ताण आणि स्विंगआर्मवरच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का, ते तपासा. खुणा कमीजास्त असतील तर चाक तिरकं बसतं आणि नवा टायर एका बाजूनं झिजतो. निघायच्या आधी ब्रेक दोन-तीनदा दाबून बघा, चाक काढल्यावर पॅड मागं सरकलेले असतात आणि पहिला दाब पोकळ जातो.

हवेचा दाब मॅन्युअलमध्ये किंवा गाडीवरच्या स्टिकरवर असतो, एकट्याचा वेगळा आणि डबलसीटचा वेगळा. टायरच्या बाजूला छापलेला दाब हा कमाल दाब आहे, तेवढी हवा भरायची नाही. मोजायचा तो सकाळी, टायर गार असताना. नायट्रोजनचा आग्रह होतो तिथं गोंधळू नका. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, दर आठवड्याला दाब बघणारा माणूस साध्या हवेवर सुखानं चालवतो.

पहिले दीडशे किलोमीटर

नव्या टायरचं वरचं पापुद्रं गुळगुळीत असतं. ते घासून जाईपर्यंत, साधारण दीडशे किलोमीटर, जोरात ब्रेक नको, एकदम पिकअप नको, गाडी जास्त झुकवायची नाही. चमक जावी म्हणून किंवा आणावी म्हणून टायरवर कुठलंही पॉलिश लावू नका. मी दोन सकाळी रिकाम्या रस्त्यानं पन्हाळ्याला जाऊन येतो, सावकाश. एका फेरीत चाळीस किलोमीटर होतात आणि वळणं असल्यामुळं कडाही थोड्या थोड्या खरवडल्या जातात, नुसत्या हायवेवर फक्त मधला पट्टा मुरतो. या दिवसांत डबलसीट कोणाला घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाब पुन्हा मोजा. दोन-तीन पौंडांनी उतरला असेल तर व्हॉल्व्हवर आणि रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे कुठून येतात ते दिसेल. आठवड्यानं मागच्या अ‍ॅक्सलचा नट आणि चेनचा ताण मेकॅनिकला दाखवून घ्या, आणि तेव्हाच चेनकव्हरच्या आत बोट घालून टायर कुठं घासत नाही ना, तेही बघा. हे दोन माणसं गाडीवर बसवून बघायचं.